पंधराशे रुपये आणि पाच वर्षांचा रहिवास

वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात वय विचारतात, विषय विचारतात, गुण विचारतात. हे रकाने भरताना विद्यार्थी अडखळत नाही. तो अडखळतो पुढच्या रकान्याशी: तुम्ही कोठले? ज्या घराण्यांनी शिंदे-होळकरांबरोबर नर्मदा ओलांडली आणि ज्यांची सातवी-आठवी पिढी आज ग्वाल्हेर-इंदुरात नांदते आहे, त्यांस हा प्रश्न साधा वाटत नाही. बेळगाव-निपाणीकडील ज्या कुटुंबांनी आपले गाव कधीच सोडले नाही, परंतु ज्यांच्या गावावरून राज्याची सीमाच सरकली, त्यांस तर तो त्याहूनही अवघड वाटतो. या एका रकान्याचा इतिहास कायद्याच्या अंगाने सांगावा, असा आमचा हेतू आहे. त्या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण इंदूर शहरात घडले, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

आरंभीच्या काळी प्रश्न विद्यार्थी निवडण्याचा नव्हता, मिळविण्याचा होता. १८३५ साली कलकत्त्यास वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा बेंटिंकच्या सरकारी आदेशाने १४ ते २० वर्षांच्या मुलांस प्रवेश खुला केला. जातिधर्माची अट घातली नाही. इंग्रजी आणि त्यासोबत बंगाली वा हिंदुस्थानी लिहिता-वाचता यावे, एवढेच मागितले. शिवाय निवडलेल्या मुलांस दरमहा ७ रुपयांपासून पुढे विद्यावेतन ठरवून दिले. शवाला हात लावण्यास कोणी तयार होईना, अशा काळात सरकारला विद्यार्थ्याची मनधरणी करावी लागली, हे स्वाभाविकच होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे; डॉ. भाऊ दाजी लाड हे १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. गोव्यात पणजीची वैद्यकशाळा मुंबईच्याही आधी, १८४२ साली सुरू झाली होती. परंतु तेथील शिक्षण पोर्तुगीज भाषेत. ज्या घरातील मुले मराठी शाळेत अक्षर गिरवीत, त्यांच्यासाठी ते दार भाषेनेच अर्धे लोटलेले राही. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ साली त्या संस्थेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि ती मुंबई विद्यापीठास जोडली गेली, तेव्हा ही अडचण संपली. तात्पर्य, त्या शतकात भाषा आडवी येई, सोवळेओवळे आडवे येई. परंतु विद्यार्थी कोणत्या प्रांतात किती वर्षे राहिला, याचा हिशेब मागण्याइतकी गर्दी दाराशी झालेली नव्हती.

गर्दी झाली ती स्वातंत्र्यानंतर. घटना अमलात येऊन पुरते दीड वर्षही झाले नव्हते, तोच वैद्यकीय प्रवेशाचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. मद्रास सरकारच्या जातवार वाटणीच्या हुकमाप्रमाणे दर १४ जागांपैकी २ ब्राह्मणांस, ६ ब्राह्मणेतर हिंदूंस, २ मागासलेल्या हिंदूंस, २ हरिजनांस आणि १-१ ख्रिस्ती व मुसलमान विद्यार्थ्यांस मिळत. चंपकम् दोराईराजन यांच्या अर्जावर १९५१ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने हा हुकूम रद्द ठरविला आणि त्यावर उत्तर म्हणून त्याच वर्षी घटनेची पहिली दुरुस्ती झाली. हे प्रकरण सर्वपरिचित आहे. त्यातील एक गंमत मात्र वकिलांखेरीज फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही: चंपकम् यांनी वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रत्यक्ष अर्ज केलेलाच नव्हता! चौकशी केली, आपल्याला प्रवेश मिळणार नाही असे कळले, म्हणून त्या न्यायालयात गेल्या. आणि सरकारने ती हरकत घेतली नाही म्हणून खटला उभा राहिला.

आता इंदूरकडे वळू. तेथे वैद्यकशिक्षणाची परंपरा १८७८ पासूनची. १९४८ साली महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय अस्तित्वात आले. त्याच वर्षी ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थाने मिळून मध्यभारत हे राज्य झाले. या महाविद्यालयाचा नियम असा होता की, मध्यभारताच्या खऱ्याखुऱ्या रहिवाशाकडून कॅपिटेशन फी घ्यावयाची नाही. बाहेरच्या विद्यार्थ्याकडून मात्र तो सरकारांनी नामनिर्देशित केलेला असल्यास १,३०० रुपये आणि इतर असल्यास १,५०० रुपये घ्यावयाचे. कॅपिटेशन म्हणजे शब्दशः डोईपट्टी. नेहमीची शिकवणी फी वेगळीच. कारकुनी पेशातील गृहस्थाच्या वर्षाच्या मिळकतीचा केवढा भाग पंधराशे रुपयांत जात असेल, हे ज्यांनी तो काळ पाहिला वा वडीलधाऱ्यांकडून ऐकला, त्यांस सांगावयास नको.

दिल्लीचे रहिवासी डी. पी. जोशी यांनी १९५२ च्या जुलैत या महाविद्यालयात प्रवेश घेतला. पहिल्या दोन वर्षांचे मिळून ३,००० रुपये त्यांनी भरले आणि मग घटनेच्या ३२ व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: भरलेले पैसे परत मिळावेत आणि चालू वर्षाची पट्टी घेण्यास मनाई व्हावी. जोशी हे आडनाव कोकणापासून कुमाऊंपर्यंत आढळते. पण न्यायालयापुढे वंशाचा किंवा भाषेचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो एवढाच की, ही पट्टी जन्मस्थानावरून केलेला भेदभाव आहे काय, आणि ती समतेच्या हक्काला बाध आणते काय.

खरा रहिवासी कोण, याची नियमातील व्याख्या चौपदरी होती. ज्याचा मूळ अधिवास मध्यभारतात आहे आणि ज्याने दुसरीकडे अधिवास केलेला नाही, तो पहिला. ज्याने नव्याने मध्यभारतात अधिवास केला आणि अर्जाच्या दिवशी ज्याचा तेथील रहिवास पाच वर्षांहून कमी नाही, तो दुसरा. पाकिस्तानातून ३० सप्टेंबर १९४८ पूर्वी येऊन कायमचे राहू इच्छिणारा निर्वासित, तो तिसरा. आणि चौथा म्हणजे लगतच्या प्रदेशातील ज्या लोकांस सरकार जाहीरनाम्याने पात्र ठरवील ते. हे चौथे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पाच न्यायाधीशांच्या पीठाने २७ जानेवारी १९५५ रोजी निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्या. व्यंकटराम अय्यर यांचे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जन्मस्थान आणि रहिवास या दोन भिन्न गोष्टी आहेत, घटनेच्या १५ व्या कलमाने निषिद्ध केले आहे ते पहिले, दुसरे नव्हे. राज्य आपल्या तिजोरीतून महाविद्यालय चालविते. तेथील रहिवाशांस फीची सवलत दिली, तर त्यांतील काही जण पुढे तेथेच दवाखाने थाटून लोकांच्या उपयोगी पडतील. हा हेतू रास्त आहे. अर्ज फेटाळला गेला. जोशींचे तीन हजार रुपये इंदुरातच राहिले.

जन्मस्थान आणि रहिवास यांतला हा भेद वकिली शब्दच्छल नव्हे. घटनेची १५ व १६ ही कलमे शेजारी ठेवून वाचावीत. सरकारी नोकरीविषयीच्या १६ व्या कलमात निषिद्ध कारणांच्या यादीत ‘जन्मस्थान’ आहे आणि त्याखेरीज ‘रहिवास’ही आहे. १५ व्या कलमात जन्मस्थान आहे, रहिवास नाही. घटनाकारांस हा शब्द माहीत होता. एके ठिकाणी त्यांनी तो घातला, दुसऱ्या ठिकाणी घातला नाही. त्यामुळे बहुमताचा निकाल शब्दांच्या दृष्टीने पक्का आहे, हे आम्हांस मान्य करावे लागते.

पण भिन्नमत देणारे न्या. जगन्नाथदास यांस हे वर्गीकरण समतेच्या कसोटीला उतरलेले दिसले नाही, आणि आमचाही कल त्यांच्याकडेच आहे. आमचे कारण सांगतो. इंदुरात चार वर्षे राहून, तेथेच व्यापार करून, तेथेच कर भरणाऱ्या गृहस्थाच्या मुलाने पंधराशे रुपये भरावेत. आणि ज्याचे घराणे मूळचे मध्यभारतातले, पण जो वाढला दूर कोठेतरी आणि परत येण्याचा ज्याचा विचारही नाही, त्याला पहिल्या व्याख्येने सर्व माफ व्हावे! तिजोरीत भर टाकणारा कोण आणि पुढे तेथे राहणारा कोण, हाच निकष असेल, तर ही व्याख्या त्या निकषाशी जुळत नाही. शिकून झाल्यावर अमुक वर्षे येथे सेवा करीन, असे हमीपत्र घेतले असते, तर हेतू सिद्धीस गेला असता. व्याख्येत त्याचा मागमूस नाही.

निकालास दोन वर्षेही झाली नाहीत, तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत हे राज्यच मध्यप्रदेशात विलीन झाले. ज्या राज्याचे रहिवासी असणे एवढ्या मोलाचे होते, ते नकाशावरून पुसले गेले. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले आणि हैदराबाद शहर आंध्रप्रदेशाकडे आले. बडोदे १९६० च्या १ मेस मुंबई राज्यातून गुजरातेत गेले. या सर्व शहरांतील मराठी माणसाने उंबरठाही ओलांडला नव्हता. तरीही तो एका राज्याचा रहिवासी म्हणून झोपला आणि दुसऱ्याचा रहिवासी म्हणून उठला.

पुढच्या सात दशकांत रहिवासाचे माप बदलत गेले. हैदराबादेत १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ‘स्थानिक’ ठरविण्यासाठी चार वर्षांचे सलग शिक्षण धरले गेले. कर्नाटकाने राज्यातील सात वर्षांच्या शालेय शिक्षणाची अट घातली. म्हणजे बापाच्या अधिवासावरून कायदा हळूहळू मुलाच्या शाळेवर आला, आणि ही सुधारणाच म्हटली पाहिजे. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्या. भगवती यांनी, भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे स्पष्ट बजावले आणि राज्यांनी हा शब्द वापरणे सोडावे असे सुचविले. वैद्यकाच्या पहिल्या पदवीच्या राखीव जागांस ७० टक्क्यांची मर्यादाही सांगितली. १९८६ पासून सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय वाट्यास आल्या. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी, जोशींच्या निकालास सत्तर वर्षे पूर्ण होऊन दोन दिवस लोटले असता, चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागा रहिवासावरून राखणे घटनाबाह्य ठरविले. पहिल्या पदवीस मात्र रहिवासाचा विचार काही अंशी अद्याप चालतो.

पैशाची कथा निराळ्या वाटेने गेली. इंदूरच्या डोईपट्टीचा शब्द खाजगी महाविद्यालयांनी उचलला. कर्नाटक सरकारच्या १९८९ च्या अधिसूचनेत वार्षिक फी सरकारी जागेस २,०००, राज्यातील इतर विद्यार्थ्यास २५,००० आणि राज्याबाहेरच्यास ६०,००० रुपयांपर्यंत अशी होती. मेरठच्या मोहिनी जैन यांनी तीस आव्हान दिले. १९९२ साली न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवून शिक्षण हा हक्क असल्याचे सांगितले. निकाल गाजला, मोहिनी जैन यांस मात्र त्या महाविद्यालयात प्रवेश देण्यास न्यायालयाने नकार दिला, कारण प्रवेश गुणवत्तेवर मिळालेला नव्हता आणि वर्गही केव्हाच सुरू झाले होते. १९९३ आणि २००२ च्या निकालांनी पुढे पुष्कळ फेरफार केले. आज डोईपट्टी हा शब्द कोणी उच्चारीत नाही. फीचे आकडे मात्र लाखांत बोलले जातात. नुसत्या अर्जाचाच हिशेब घ्या. २०२५ च्या ‘नीट’ परीक्षेची फी सर्वसाधारण गटास १,७०० रुपये होती आणि परीक्षेस सुमारे २२ लाख मुले बसली. त्यानंतर अभिमत विद्यापीठांच्या जागांसाठी नुसते नाव नोंदवावयाचे, तर ५,००० रुपये परत न मिळणारे आणि २ लाख रुपये अनामत. ज्या घरी दोन लाख रुपये काही आठवड्यांपुरतेही अडकवून ठेवता येत नाहीत, ते घर त्या यादीच्या बाहेर राहते, मुलाचे गुण कितीही असोत.

आता त्या चौथ्या कलमाकडे येतो. लगतच्या प्रदेशातील लोकांस सरकारने आपले म्हणून जाहीर करावे, ही इंदूरच्या नियमातील तरतूद त्या राज्याबरोबर मेली नाही. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर हक्क सांगते, तेथील मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात वैद्यकीय जागा राखलेल्या आहेत. कर्नाटकाच्या नियमांतही तशीच तरतूद आहे: दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या महाराष्ट्रातील तालुक्यांत राहून शिकलेल्या, कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषेच्या मुलांस तेथे पात्र धरतात आणि त्यांची कन्नडची परीक्षा घेतात. सीमेच्या दोन्ही बाजूंस दोन्ही राज्ये एकमेकांच्या हद्दीतील मुलांस ‘आमचे’ म्हणतात. ज्या वादाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, त्याची कबुली प्रवेशपुस्तिकेच्या एका पोटनियमात अशी दरवर्षी छापली जाते.

आमच्याकडे सल्ल्यास येणारे सीमाभागातील पालक या पोटनियमांविषयी विचारतात, तेव्हा आम्ही त्यांस दोन्ही राज्यांच्या पुस्तिका मूळातून वाचावयास सांगतो. कारण एकीकडे हक्क मिळविण्यासाठी जो दाखला लागतो, तो पुष्कळदा दुसऱ्या राज्याच्या तहसीलदाराच्या सहीचा असतो, आणि तो मे महिन्यापूर्वी मागितलेला बरा.