खाजकुइली, असरोल आणि कंपवात : एका औषधाचा इतिहास

सुरत शहराच्या आग्नेयेकडील डिंडोली भागात मराठी ही परकी भाषा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडधंद्यातील कामासाठी आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात दीर्घकाळ वस्ती करून आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, बाजारात हिंदी आणि शेजारच्या मोहल्ल्यात उर्दू असा येथील भाषाव्यवहार आहे. साहजिकच एकाच आजाराला येथे अनेक नावे मिळतात. वृद्धाचे हात थरथरू लागले की मराठी घरात कंपवात म्हणतात, गुजरातीत कंपवा म्हणतात, उर्दू जाणणारे रअशा म्हणतात आणि डॉक्टरांच्या कागदावर पार्किन्सन्स असे लिहिले जाते. एका वेलीचेही तसेच आहे. मराठीत ती खाजकुइली, गुजरातीत कौचा, तर हकीम आणि पंसारी यांच्याकडे कौंच.

ही नावे केवळ शब्दकोशाचा विषय नाहीत. या वेलीच्या शेंगेवरील लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते आणि त्याच शेंगेतील बीमध्ये कंपवातावरील औषध असते. त्वचेचा दाह आणि मेंदूचा आजार यांची गाठ अशी एका शेंगेत पडली आहे. ती गाठ कशी उलगडली, त्यात हिंदुस्थानातील तिब्बी व आयुर्वेदीय परंपरेचा वाटा किती, प्रयोगशाळेचा किती, आणि इतके होऊनही रुग्णाच्या ताटापाशी कोणता प्रश्न उरला, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

जुन्या ग्रंथांतील कंप

शरीराचा कंप हा स्वतंत्र विकार आहे, ही जाणीव जुनी आहे. संस्कृतातील माधवनिदानात सर्वांगाचा व मस्तकाचा कंप ‘वेपथु’ या नावाने वातविकारांत नोंदवला आहे. इब्न सीना (मृत्यू १०३७) याच्या ‘अल्-कानून’ या ग्रंथात मज्जाविकारांच्या चर्चेत रअशा येतो. तिब्बी परंपरेने फालिज म्हणजे लुळेपणा आणि रअशा म्हणजे कंप यांत भेद केला. या दोन परंपरा एकमेकींपासून तुटलेल्या नव्हत्या. चरक व सुश्रुत यांच्या संहिता अब्बासी काळात अरबीत पोहोचल्या होत्या आणि अली इब्न रब्बन अत्-तबरी याने इ. स. ८५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘फिरदौस अल्-हिकमा’ या ग्रंथात हिंदी वैद्यकासाठी स्वतंत्र भाग राखला होता.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या ग्रंथांतील कंप म्हणजे आजचा पार्किन्सन रोगच, असे सरसकट म्हणता येत नाही. कंपाची कारणे अनेक असतात. तसेच खाजकुइलीचे बी जुन्या ग्रंथांत मुख्यतः बल्य, वाजीकर व वातहर म्हणून येते. ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणणारे आणि ‘जुन्या ग्रंथांत काहीच नाही’ असे म्हणणारे, दोघेही ग्रंथ न उघडताच निकाल देतात.

आधुनिक वर्णनाचा आरंभ १८१७ चा. लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी त्या वर्षी कंपयुक्त लकव्यावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहाच रुग्णांची हकीकत होती आणि त्यांतील काही तर रस्त्यात पाहिलेले होते. त्यांनी थरथर व वाकलेली चाल यांबरोबरच घास तोंडात धरून ठेवणे, चावणे व गिळणे कठीण होते आणि लाळ बाहेर ओघळते, हेही नोंदवले. म्हणजे गिळण्याची अडचण ही या आजाराच्या पहिल्या वर्णनातच आहे. पुढे फ्रान्समधील शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले.

लव आणि बी

खाजकुइलीची शेंग सोनेरी-तपकिरी केसाळ लवेने झाकलेली असते. ही लव बारीक सुयांसारखी त्वचेत रुतते, त्वचा लाल होते आणि खाज सुटते. १९५५ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर शेली व रॉबर्ट आर्थर यांनी या खाजेमागे लवेतील प्रथिने तोडणारे एक विकर आहे, असे दाखवले. त्याला म्युक्युनेन असे नाव मिळाले. २००८ मधील संशोधनाने हे विकर त्वचेतील विशिष्ट ग्राहींना उद्दीपित करते हे स्पष्ट केले. याला महत्त्व अशासाठी की पित्त उठल्यावर येणारी खाज हिस्टामीनमुळे असते व त्यावरील नेहमीच्या गोळ्यांनी शमते. खाजकुइलीची खाज मात्र मुख्यतः वेगळ्या मार्गाने मेंदूकडे जाते. जुनाट इसबासारख्या दाहक त्वचाविकारांत नेहमीच्या गोळ्या पुष्कळदा अपुऱ्या का पडतात, हे समजून घेण्यास या रानवेलीने मदत केली.

बीची कथा मद्रासची आहे. १९३७ मध्ये एम. दामोदरन व आर. रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून एल-डोपा हे अमिनो आम्ल वेगळे केले. हेच द्रव्य १९१३ मध्ये गुगेनहाइम यांनी युरोपातील बाकल्यासारख्या एका शेंगेतून काढले होते. तेव्हा त्याचा मेंदूशी काही संबंध असेल अशी कल्पना कुणाला नव्हती. डोपाचा पहिला परिचय झाला तो त्वचेच्या अभ्यासकांना. ब्रुनो ब्लॉख यांनी १९१७ मध्ये दाखवले की त्वचेतील रंगपेशी डोपापासून काळे रंगद्रव्य बनवतात. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ट्रेत्याकोव्ह यांनी पॅरिसमध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील एक काळसर भाग झिजून फिकट झाल्याचे दाखवले. त्वचेचा काळा रंग आणि मेंदूतील काळा भाग या दोन नोंदींना एकमेकींची ओळख पटायला आणखी चार दशके लागली.

असरोलचा मार्ग

ही ओळख पटवून देण्यात दुसऱ्या एका हिंदी वनस्पतीचा हात आहे. ती म्हणजे सर्पगंधा. तिब्बी ग्रंथांत तिला असरोल म्हणतात. हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांतून दिल्लीचे आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज उभे राहिले आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. देशी औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी, ही हकीमसाहेबांची इच्छा होती. हकीमाने आपल्या औषधाची परीक्षा स्वतःहून मागावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. फ्रँकफुर्टहून रसायनशास्त्रातील पदवी घेऊन आलेले डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांच्याकडे हे काम आले. हकीमसाहेबांचे १९२७ च्या डिसेंबरात निधन झाले. १९३१ मध्ये सिद्दीकींनी असरोलच्या मुळीतून अनेक क्षारद्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब व उन्माद यांवर उपयोगी पडते, असे लिहिले.

पुढचा दुवा मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या ५० रक्तदाबाच्या रुग्णांवरील वापराचा अहवाल प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष या मुळीकडे वळले ते त्यानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले आणि ते रक्तदाबावर व मानसिक आजारांवर मोठ्या प्रमाणात दिले जाऊ लागले. तेव्हा एक विपरीत गोष्ट दिसली. काही रुग्णांचे शरीर ताठ होऊ लागले, हात कापू लागले. औषधानेच कंपवातासारखी अवस्था निर्माण केली होती.

या दुष्परिणामातूनच वाट सापडली. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीन दिलेल्या, निश्चल पडलेल्या प्राण्यांना डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपापासून मेंदूत डोपामीन बनते आणि रेसर्पीनने तेच रिते केले होते. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व होर्निकिविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची मोठी तूट दाखवली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्णांना लक्षणीय आराम दिला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या साखळीत दिल्लीचे तिब्बिया कॉलेज, मुंबईचे डॉक्टर आणि मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ यांच्या कड्या आहेत. त्यांतील एकही कडी एकटी पुरेशी नव्हती, हेही तितकेच खरे.

चेहरा आणि घास

कंपवाताचा त्वचेशी आणखी एक संबंध आहे. १९१७ च्या सुमारास युरोपात मेंदूदाहाची मोठी साथ आली. त्यातून वाचलेल्या अनेकांना कंपवातासारखा विकार जडला आणि त्यांचे चेहरे मलम फासल्यासारखे तेलकट दिसत, अशी नोंद झाली. कंपवाताच्या रुग्णांत कपाळ, भुवया, नाकाच्या कडा व टाळू येथे लाली, तेलकट खपल्या आणि खाज आढळते. हा सेबोऱ्हिक त्वचादाह होय. त्वचेवर नेहमीच राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशी त्यात भर घालते. १९७० मध्ये बर्टन व शुस्टर यांनी डोपा दिल्यावर या रुग्णांतील तेलस्राव कमी होतो, असे दाखवले. म्हणजे आजोबांच्या भुवयांतील खपल्या हा अस्वच्छतेचा पुरावा नाही. त्यावर साधे बुरशीनाशक मलम व शांपू उपयोगी पडतात.

गिळण्याच्या बाबतीत मात्र डोपाने निराशा केली. हाताची थरथर व ताठरपणा कमी होतो, पण गिळणे काहींचे सुधारते, काहींचे नाही. गिळणे ही एकच क्रिया नसते. जीभ घास मागे ढकलते, टाळूचा पडदा उचलला जातो, श्वासमार्ग मिटतो आणि मग अन्ननलिकेचे दार उघडते. कंपवातात जीभ घास पुढे-मागे घोळवत राहते आणि गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते. लाळ ओघळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर गिळण्याची वारंवारता घटते म्हणून. सर्वांत धोक्याची गोष्ट ही की पाणी वा अन्नकण श्वासनलिकेत उतरतात आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे.

हे दिसू लागले ते चलत् क्ष-किरण चित्रांमुळे. अमेरिकेतील जेरी लोगमन यांनी गिळण्याच्या तपासणीची ही पद्धत रूढ केली. त्यांच्या गटाने २००८ मध्ये कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या ७११ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हनुवटी खाली घेऊन पिण्यापेक्षा पेय मधासारखे दाट केल्याने श्वासनलिकेत उतरणे अधिक थांबले, परंतु रुग्णांना ते पेय आवडले नाही. प्रत्येक रुग्णासाठी उपाय वेगळा ठरवावा लागतो, हाच त्याचा बोध. आपल्याकडे हे काम वाचा-भाषातज्ज्ञ करतात. त्यांचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाली आणि तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव आहे. बोबडे बोलण्यावर उपचार करणारी व्यक्ती गिळण्यावरही उपचार करते, हे अनेक सुशिक्षित घरांत आजही ठाऊक नसते.

पुन्हा बीकडे

डोपाची गोळी जगभर पसरल्यावर संशोधक पुन्हा खाजकुइलीच्या बीकडे वळले. मुंबईतील डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तिच्या वापराचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये ६० रुग्णांवरील बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष आले. २००४ मध्ये लंडनमधील आठ रुग्णांच्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला व अधिक वेळ टिकला. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ आठवड्यांच्या अभ्यासात १४ पैकी निम्म्या रुग्णांनी पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाल बिघडल्यामुळे चूर्ण मध्येच सोडले. बियांत डोपाचे प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असते आणि ते सर्वत्र सारखे नसते. गोळीत डोपाबरोबर कार्बिडोपा असते. त्यामुळे डोपा मेंदूत पोहोचण्याआधी वाया जात नाही व मळमळ कमी होते. बीमध्ये ही सोय नाही. म्हणून पंसाऱ्याकडील कौंच चूर्ण डॉक्टरांना न सांगता गोळीबरोबर घेणे म्हणजे न मोजता मात्रा वाढवणे होय.

अध्यापकांसाठी बोध

या इतिहासाचा वर्गातील उपयोग दुहेरी आहे. पहिला विचाराचा. हकीम अजमल खान यांनी आपल्या इल्मला प्रयोगशाळेची कसोटी लावून घेतली आणि त्यामुळेच त्यांचे नाव रसायनशास्त्राच्या पुस्तकात राहिले. परंपरेचा मान तिची तपासणी टाळून वाढत नाही.

दुसरा उपयोग घरातील. डिंडोलीसारख्या वस्तीत घरचा कर्ता कामावर असतो आणि आजोबा-आजींना जेवण देण्याचे काम पुष्कळदा शाळा-कॉलेजात जाणाऱ्या नातवंडांकडे येते. जेवताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओलसर घोगरा होणे, गोळी तोंडातच राहणे, विनाकारण वजन घटणे, वरचेवर छाती भरणे ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. जेवताना ताठ बसवावे, लहान घास द्यावा, घाई करू नये, दूरचित्रवाणी बंद ठेवावी आणि औषधाचा परिणाम चांगला असेल त्या वेळी जेवण द्यावे, इतके तर प्रत्येक घरात शक्य आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाने मराठी रुग्ण व त्यांच्या घरच्यांसाठी हे ज्ञान मराठीतून पोहोचवण्याचे काम केले आहे. सुरतच्या मराठी व उर्दू वाचकांपर्यंत ते पोहोचवणे अध्यापकांना अवघड नाही.

११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयात एखादे व्याख्यान झाले तर त्यात थरथरणाऱ्या हाताबरोबर घशात अडकणाऱ्या घासाचाही उल्लेख व्हावा. पार्किन्सन यांनी तो १८१७ मध्येच केला होता.