दोन मार्गिकांचे शहर : स्टॉकहोमच्या उपनगरीय लोहमार्गाचा इतिहास (१८७१ ते २०१७)

प्रास्ताविक

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही मेलारेन सरोवर आणि बाल्टिक समुद्र जेथे एकमेकांस भेटतात त्या जागी, बेटांवर वसलेली आहे. शहराच्या उत्तर भागातून दक्षिणेकडील सोडरमाल्म या खडकाळ बेटावर जावयाचे असेल, तर मध्ये पाणी आणि जुन्या नगराची चिंचोळी भूमी ओलांडावी लागते. १८७१ मध्ये या चिंचोळ्या जागेतून लोहमार्गाच्या दोन मार्गिका टाकण्यात आल्या. त्यानंतर शहर अनेक पटींनी वाढले, वाफेच्या इंजिनांची जागा विजेने घेतली, चहूबाजूंस उपनगरे उभी राहिली. परंतु मध्यवर्ती स्थानकाच्या दक्षिणेकडील मार्गिकांची संख्या २०१७ पर्यंत दोनच राहिली. या भागास स्वीडिश भाषेत 'गांधीलमाशीची कंबर' असे अन्वर्थक नाव पडले आहे.

१४६ वर्षे एखाद्या राजधानीने अशी कोंडी सहन करावी, याचे कारण भूगोलात शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ज्या शहराने खडक पोखरून भुयारी रेल्वेचे मोठे जाळे उभारले, त्यास आणखी दोन मार्गिका टाकणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य होते असे म्हणता येत नाही. अडचण वेगळी होती. मार्गिका कोणासाठी, कोणाच्या खर्चाने आणि शहराच्या कोणत्या भागास झळ लावून टाकावयाच्या, या प्रश्नांची उत्तरे देण्यास कोणीही फार काळ पुढे आले नाही.

दोन टोके आणि त्यांस जोडणारा मार्ग

स्वीडनमधील सरकारी लोहमार्गांच्या उभारणीची जबाबदारी १८५५ मध्ये निल्स एरिक्सन या अभियंत्याकडे आली. गॉथेनबर्गकडे जाणाऱ्या पश्चिम मुख्य मार्गाचे राजधानीतील स्थानक १८६० मध्ये सोडरमाल्मवर सुरू झाले, तर उप्सालाकडे जाणारा उत्तरेचा मार्ग १८६६ मध्ये शहराच्या उत्तर भागातून निघाला. राजधानीस अशी दोन टोके मिळाली. मधले अंतर मात्र प्रवाशाने आणि मालाने रस्त्यानेच काटावयाचे होते. ही टोके सांधणारा जोडमार्ग सोडरमाल्मच्या खडकातील बोगद्यातून बाहेर पडून, पाणी ओलांडून, रिद्दारहोल्मेन बेटाच्या कडेने उत्तरेस गेला. १८७१ च्या जुलै महिन्यात तो आणि वास्तुविशारद अडॉल्फ विल्हेल्म एडेल्सवार्ड यांनी रेखिलेले मध्यवर्ती स्थानक वाहतुकीस खुले झाले. एरिक्सन यांचे १८७० मध्येच निधन झाले होते. आज त्यांचा पुतळा त्याच स्थानकासमोर उभा आहे.

हा मार्ग राष्ट्रासाठी होता, नगरासाठी नव्हे, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. देशाचा उत्तर भाग दक्षिण भागाशी जोडणे हे त्याचे प्रयोजन होते. रोज सकाळी कामावर जाणारा आणि सायंकाळी घरी परतणारा प्रवासी त्या काळी हिशेबातच नव्हता; त्या काळातील वाहतुकीस दोन मार्गिका भरपूर होत्या. १८७१ च्या नियोजनकर्त्यांस दोष देण्याचे कारण नाही. दोषाचा विचार करावयाचा तर तो पुढील पिढ्यांचा करावा लागतो.

उपनगरांचे स्वतंत्र मार्ग

उपनगरीय प्रवासी आले ते खाजगी भांडवलाच्या मागून. ईशान्येकडील रोसलागेन परिसरात १८८५ पासून ८९१ मिलिमीटर रुंदीच्या अरुंदमापी गाड्या धावू लागल्या. यूर्शहोल्म या बंगल्यांच्या वसाहतीकडे जाणारी शाखा १८९५ मध्ये विजेवर चालू लागली. पूर्वेस वालेनबर्ग या बँकिंग घराण्याच्या पुढाकाराने साल्टश्येबाडेन हे समुद्रकाठचे विहारस्थान वसविले जात होते; तेथपर्यंतचा लोहमार्ग १८९३ मध्ये पूर्ण झाला. या मार्गांचा आर्थिक पाया तिकिटांइतकाच जमिनींच्या विक्रीत होता. आधी लोहमार्ग, मग भूखंड, मग वस्ती असा हा क्रम. परंतु यातील प्रत्येक मार्ग शहराच्या वेशीवर आपल्या स्वतंत्र स्थानकाशी येऊन थांबे. शहर आरपार ओलांडण्याचे भाग्य केवळ सरकारी जोडमार्गास लाभले होते, आणि तेथे जागा दोनच मार्गिकांची.

नगरपालिकेने मग स्वतःची वाट शोधली. १९३३ मध्ये सोडरमाल्मच्या पोटातून ट्रामसाठी बोगदा खोदण्यात आला. १९४१ मध्ये भुयारी रेल्वेचा निर्णय झाला आणि १९५० मध्ये तिचा पहिला टप्पा, जुन्या ट्राम-बोगद्याचाच उपयोग करून, सुरू झाला. १९५७ मध्ये तिचे उत्तर व दक्षिण भाग जोडले गेले, तेही जुन्या नगराच्या कडेने, जोडमार्गाच्या अगदी शेजारून. पुढे १९६४ मध्ये दुसरी वाहिनी आल्यावर त्याच चिंचोळ्या पट्ट्यात भुयारी रेल्वेच्या चार मार्गिका झाल्या. शेजारच्या मुख्य लोहमार्गाच्या दोनच राहिल्या. अडचण खडकाची नव्हती, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. नगराची रेल्वे नगराने बांधिली. राष्ट्राची रेल्वे नगरासाठी रुंद करणे हे मात्र कोणाचेच काम नव्हते.

उसन्या मार्गिका

१९६४ च्या डिसेंबरात सरकार, स्टॉकहोम शहर आणि प्रांत यांच्यात एक करार झाला. त्यानुसार सरकारी मार्गांवरून स्थानिक वाहतुकीच्या नव्या गाड्या चालवावयाच्या आणि त्यांची आर्थिक जबाबदारी स्थानिक संस्थांनी घ्यावयाची असे ठरले. १९६८ मध्ये 'पेंडेलटोग', म्हणजे रोज ये-जा करणाऱ्यांची गाडी, या नावाने ही सेवा सुरू झाली. मार्ग राष्ट्राचा, गाडी प्रांताची आणि प्रवासी उपनगराचा, अशी ही त्रिस्थळी व्यवस्था होती. जोपर्यंत गाड्या थोड्या होत्या तोपर्यंत ती निभावली. पुढे लांब पल्ल्याच्या, प्रादेशिक आणि उपनगरीय गाड्या एकाच कंबरेतून जाऊ लागल्या. तेथून एका दिशेने ताशी जास्तीत जास्त २४ गाड्या सोडता येत. एका गाडीस उशीर झाला की तो मागील सर्व गाड्यांस लागे, आणि त्याची झळ प्रामुख्याने रोजच्या प्रवाशास पोहोचे.

या काळातील एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. सोडरमाल्मच्या दक्षिणेस पाण्यावर १९२९ पासून ओर्स्ता हा लोहमार्गाचा पूल होता. त्याच्या शेजारी २००५ मध्ये नॉर्मन फॉस्टर यांनी आरेखित केलेला दुसरा पूल झाला, आणि तेथे मार्गिका चार झाल्या. काही अंतर पुढे जाताच त्या चार मार्गिका पुन्हा दोहोंत मिसळत. घाट रुंद केला, पण खिंड तशीच ठेवली.

रिद्दारहोल्मेनचा वाद

खिंड रुंद करण्याचा सरळ उपाय सुचविण्यात आला नव्हता असे नाही. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर बेंग्ट डेनिस यांच्या मध्यस्थीने १९९२ मध्ये झालेल्या वाहतूक करारात जोडमार्गालगत तिसरी मार्गिका टाकण्याची तरतूद होती. ती रिद्दारहोल्मेनच्या कडेने जाणार होती. या बेटावरील मध्ययुगीन चर्चमध्ये स्वीडनच्या राजांच्या समाध्या आहेत. १८७१ च्या मार्गाने आणि नंतरच्या द्रुतगती रस्त्याने या परिसराचे सौंदर्य आधीच बाधित झाले होते. त्यात आणखी भर घालण्यास तीव्र विरोध झाला आणि अखेर ही योजना सोडून देण्यात आली.

हा विरोध केवळ सौंदर्यवाद्यांचा हट्ट होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. तिसरी मार्गिका हा अर्धवट उपाय होता. तिने कंबर किंचित सैल झाली असती, प्रश्न मिटला नसता. आणि एकदा ती झाली असती तर मोठ्या उपायासाठी पैसा मागणे अधिकच कठीण झाले असते. तथापि या नकाराची किंमत ज्यांनी भरली ते रिद्दारहोल्मेनवर राहत नव्हते. आणखी सुमारे दोन दशके त्यांनी उशिराच्या गाड्यांतून प्रवास केला.

पाण्याखालून

पर्याय होता तो संपूर्ण उपनगरीय वाहतूक जमिनीखाली नेण्याचा. 'सिटीबानन' या नावाने ही योजना पुढे आली. २००६ च्या सत्तांतरानंतर ती तपासणीसाठी थांबविण्यात आली; २००७ मध्ये स्थानिक संस्था आणि मेलारेन परिसरातील शेजारचे प्रांत खर्चाचा वाटा उचलण्यास तयार झाल्यावर तिला गती मिळाली. म्हणजे 'कोणाच्या खर्चाने' या जुन्या प्रश्नाचे उत्तर अखेर वर्गणीने दिले गेले. २००७ च्या दरांनुसार योजनेचा खर्च १६.८ अब्ज क्रोनर धरण्यात आला होता. २००९ मध्ये बांधकाम सुरू झाले.

सुमारे ६ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचा बहुतांश भाग कठीण खडकात आहे. सोडरमाल्मच्या उत्तरेस सोडरस्ट्रोम या जलभागाखाली मात्र खडक फार खोल आहे आणि वर मऊ गाळ आहे. तेथे सुमारे ३४० मीटर लांबीचा, तीन भागांत तयार केलेला बोगदा पाण्यात बुडवून खांबांच्या आधारावर ठेवण्यात आला. गाळावर त्याचा भार नाही. बोगदा असूनही तो एखाद्या पुलाप्रमाणे तोलला गेला आहे. स्टॉकहोम सिटी आणि ओडेनप्लान ही दोन नवी भुयारी स्थानके भुयारी रेल्वेच्या स्थानकांशी जोडण्यात आली आणि कार्लबर्ग येथील उपनगरीय स्थानक बंद झाले. १० जुलै २०१७ रोजी उपनगरीय गाड्या नव्या मार्गाने धावू लागल्या. शहर ओलांडणाऱ्या मुख्य लोहमार्गाच्या मार्गिका त्या दिवशी दोनाच्या चार झाल्या.

जुन्या कंबरेस मात्र विश्रांती मिळाली नाही. तेथील पूल आणि बांधकाम जीर्ण झाले होते. पण दुसरी वाट नसल्याने ते दीर्घकाळ बंद ठेवून दुरुस्त करणे शक्य नव्हते. २०१८ पासून पुढील उन्हाळ्यांत काही आठवडे हा मार्ग पूर्ण बंद ठेवून काम करण्यात आले. त्या दिवसांत दक्षिणेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या मध्यवर्ती स्थानकाच्या अलीकडेच थांबत, आणि त्यांतील प्रवासी सामान घेऊन फलाट बदलत व उपनगरीय गाडीने पाण्याखालून शहरात येत.