नॅशनल पार्कातल्या सहली आणि पाण्याच्या पोढी

स्मरणिका समितीने मला विषय दिला ‘आपल्या वार्षिक सहली’. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईकडे हा विषय दिला की सहलीबरोबर इतिहासही येणार, हे समितीने गृहीत धरलं असेलच!

सोसायटीची नोंदणी झाली आणि पहिल्याच डिसेंबरात आपण नॅशनल पार्कात गेलो. बोरिवली पूर्वेला राहणारी माणसं दुसरीकडे कुठे जाणार? हायवे ओलांडला की गेट. बस ठरवायला नको, पहाटे उठायला नको. ए विंगमधल्या बायकांनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती, बी विंगने श्रीखंड आणलं होतं, आणि निम्मा दिवस वनराणीच्या रांगेत गेला. ती झुकझुक गाडी २०२१च्या तौक्ते वादळात रुळांचं नुकसान होऊन बंद पडली, तेव्हा आपल्या सोसायटीतली मोठी झालेली मुलंसुद्धा हळहळली.

पुढे दोनतीन वर्षांनी मी आग्रह धरून सगळ्यांना कान्हेरीला नेलं. गेटपासून सहासात किलोमीटर आत. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह बघतात, दारातल्या दोन उंच बुद्धमूर्तींजवळ फोटो काढतात आणि माकडांपासून पिशव्या वाचवत परत फिरतात. पण खरी कान्हेरी त्याच्या वर आहे. शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं इथे भिक्षूंची वस्ती होती. कृष्णगिरी, प्राकृतात कण्हगिरी, त्याचं कान्हेरी. म्हणजे काळा डोंगर.

त्या काळ्या दगडावर चालताना खाली नीट बघा. पायऱ्यांच्या कडेने बोटभर, कुठे हातभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी त्या पन्हळींतून लेण्याशेजारच्या टाक्यात उतरतं. जवळजवळ प्रत्येक विहाराला आपलं टाकं. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. डोंगरावर नदी नाही, विहीर नाही. चार महिन्यांचा पाऊस साठवायचा आणि वर्षभर पुरवायचा, एवढाच उपाय. मे महिन्यातही काही टाक्यांत पाणी असतं, हे आपल्या मुलांनी खडे टाकून तपासलेलं आहे.

या पोढी कुणी दिल्या तेही लिहिलेलं आहे. कल्याणच्या एका सोनाराने एक पोढी दान दिली. चेमुल म्हणजे आजचं चौल, तिथल्या सोनाराचंही दान आहे. सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. आपल्या लिफ्टशेजारी देणगीदारांची पाटी आहे ना, तसंच. फक्त ही पाटी अठराशे वर्षं टिकली.

सहलीला आलेल्या माणसांचीही नोंद आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. जरथुष्ट्री मंडळी डोंगर चढून इथे आली आणि आपली नावं, वडिलांची नावं, दिवस, महिना, वर्ष कोरून गेली. मी हे सांगितल्याबरोबर सी विंगचा एक चिरंजीव खिशातून किल्ली काढून भिंतीकडे निघाला! त्याला चौकीदाराच्या आधी त्याच्या आजीने अडवलं. हजार वर्षांपूर्वी लिहिलं तर लेख आणि आज लिहिलं तर गुन्हा, असं का, हा त्याचा प्रश्न मात्र अगदीच चुकीचा नव्हता.

आता मुलांचा दुसरा प्रश्न. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध १०४ चौरस किलोमीटरचं जंगल उरलंच कसं? ‘सरकारने राखलं’ हे उत्तर अर्धवट आहे. पूर्वीची मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं तेव्हाचीच. लोकसंख्या वाढली, उन्हाळ्यात पाण्यासाठी हाल होऊ लागले. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे १८५६ साली विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० साली मुंबईला पहिल्यांदा नळाने पाणी मिळालं. (कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही याच माणसाचा.) १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. तलाव स्वच्छ ठेवायचे तर त्यांच्या पाणलोटात शेती नको, वस्ती नको, झाडं तोडायला नकोत. नॅशनल पार्क हा शब्दही इथे कुणाला माहीत नव्हता तेव्हा या दऱ्या राखल्या गेल्या, त्या शहराची तहान भागवण्यासाठी. सहली करणाऱ्यांसाठी नव्हे, बिबट्यासाठी तर नव्हेच. मुंबईला आज पाणी देणाऱ्या सात तलावांत विहार आणि तुळशीचा वाटा अगदी थोडा आहे. पण त्यांच्यामुळे झाडं उभी राहिली, आणि जंगल जाहीर करायची वेळ आली तेव्हा जाहीर करायला जंगल शिल्लक होतं.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत आपण टँकर मागवले. गच्चीवरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवायचा ठराव वार्षिक सभेत दोनदा आला आणि दर फ्लॅटमागच्या वर्गणीवर दोनदा अडला. मी साधा हिशेब मांडते. आपल्या तिन्ही विंगच्या गच्च्या मिळून साधारण पाचशे चौरस मीटर. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे दहा लाख लिटर पाणी पाइपातून गटारात जातं. दहा हजार लिटरचा एक, असे शंभर टँकर! सगळं साठवता येणार नाही, हे मलाही कळतं. निम्मं वाया गेलं तरी पन्नास टँकर उरतात. खजिनदारांनी आकडे तपासावेत. ठराव यंदाही विषयपत्रिकेवर आहे.

आणि रौप्यमहोत्सवी सहल कान्हेरीलाच आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिसऱ्या लेण्यापाशी सावलीत बसावं, तिथेही बघण्यासारखं पुष्कळ आहे. बाकीच्यांनी माझ्याबरोबर वर यायचं. पन्हळ कुठून सुरू होते आणि कुठल्या पोढीत उतरते ते यावेळी मुलांनी शोधायचंय. पिण्याचं पाणी घरूनच आणा, वर मिळत नाही.