सोळा घरांचा ताल : सदाशिव पेठेतील वही आणि मोबाइलवरील चौकट

सदाशिव पेठेत आता वाडे थोडे उरले आहेत. सदनिका आणि अभ्यासिका पुष्कळ झाल्या आहेत. तिथल्या एखाद्या खोलीत कानाला हेडफोन लावून कोणी मोबाइलवर ताल रचत असेल, तर पडद्यावर बहुधा एकच आकृती दिसेल : आडव्या ओळी, उभे रकाने आणि प्रत्येक ओळीत सोळा घरे. घरावर बोट ठेवले की ते उजळते. एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि उजळलेल्या घरावर आली की ध्वनी उमटतो. सोळावे घर संपले की पुन्हा पहिले. या रचनेला ‘स्टेप सीक्वेन्सर’ म्हणतात. हे सारे परदेशातून आले असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि यंत्रापुरते ते खरेही आहे. पण काळाचे समान रकाने पाडून त्यांत नाद भरण्याची रीत पुण्याच्या पेठांतील संगीताच्या वह्यांत कित्येक पिढ्यांपासून आहे. त्या रीतीने काय साधले आणि काय निसटले, हा वादही तितकाच जुना आहे.

यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आणले. त्याच्या खालच्या कडेला सोळा बटणांची एक ओळ होती. आजच्या ॲपांतील ओळ ही तिचीच वंशज. दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी हे यंत्र आणि रोलँडचीच आणखी दोन वाद्ये घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने काढलेली ती ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा मात्र जगभरच्या रसिकांनी तिला डोक्यावर घेतले. २००७ मध्ये यामाहा कंपनी आणि कलावंत तोशिओ इवाई यांनी ‘टेनोरी-ऑन’ काढले. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ दिव्यांची ती एक पाटी होती. २०११ मध्ये तीच पाटी ॲप होऊन आयफोन-आयपॅडवर आली. हातात मावणारी चौकट ती हीच.

कागदावरची चौकट मात्र विजेच्याही आधीची. पुण्यात १८७४ मध्ये ‘पूना गायन समाज’ स्थापन झाला. बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे हे त्याचे चालक. सुशिक्षित घरांतील माणसांना गाणे शिकता यावे, ही त्यामागची इच्छा होती. अडचण अशी की गाणे कोणत्याही पुस्तकात नव्हते. चीज उस्तादाच्या कंठात असे आणि ती मिळण्यासाठी वर्षानुवर्षे सेवा करावी लागे. घराण्याची चीज ही घरची ठेव होती. परक्याला ती देणे म्हणजे पोटावर पाय आणणे. हा निव्वळ कद्रूपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांच्याकडे जमीन नाही, पदवी नाही, त्यांची सारी मिळकत तेवढीच होती.

विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या गुणीजनांकडून त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापल्या. त्या पुस्तकाचे कोणतेही पान उघडून पाहावे. मात्रा एकाखाली एक येतील अशा बेताने मांडलेल्या असतात आणि विभाग उभ्या रेघांनी तोडलेले असतात. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. स्वर लांबवायचा असेल तर पुढच्या घरात आडवी रेघ; एका मात्रेत दोन-तीन स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोर. म्हणजे काळाची घरे आधी ठरली आणि स्वर नंतर त्यांत राहायला आले. ही तंतोतंत सीक्वेन्सरची चौकट आहे. फक्त सरकणारी रेघ वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असते.

त्यांचे समकालीन विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) मूळचे कुरुंदवाडचे. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांनीही स्वरलिपी सिद्ध केली, पण तिची धाटणी निराळी होती. तिथे प्रत्येक स्वर आपल्या कालमानाची खूण स्वतःच्या पायाशी घेऊन येतो : एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला लहानसे वर्तुळ, आणि असेच पुढे. भातखंड्यांकडे घराला माप आहे, पलुस्करांकडे स्वराला. नवल असे की संगीताच्या संगणकीय साधनांतही हेच दोन पंथ दिसतात. एका प्रकारात घरे उजळायची, दुसऱ्यात लहानमोठ्या लांबीच्या पट्ट्या अंथरायच्या. कोणी कोणाचे पाहून केले, असे येथे काही नाही. काळ कागदावर आणायचा म्हटले की हा फाटा लागतोच.

पलुस्करांची पद्धत लयीच्या बारकाव्यांत अधिक काटेकोर आहे. तरीही प्रसार अधिक झाला तो भातखंड्यांच्या पानाचा. त्या पानावर सम नजरेला ताबडतोब सापडते, आणि नवशिक्याला हवे असते ते तेवढेच. पुण्यात दोन्ही धारा शेजारी नांदल्या. भास्करबुवा बखले यांचा भारत गायन समाज (१९११) सदाशिव पेठेच्या शेजारच्या शुक्रवार पेठेत. पलुस्करांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये स्थापलेले गांधर्व महाविद्यालय शनिवार पेठेत. पेठेतील मुलेमुली ‘प्रवेशिके’पासून ‘विशारद’पर्यंत परीक्षा देऊ लागली आणि पट्टीने रकाने आखलेली वही घरोघर पोहोचली. उस्तादांची भीती खरी ठरली. आणि ज्यांना कोणत्याही घराण्याचा उंबरा ओलांडता आला नसता, त्यांना गाण्याचा दरवाजाही याच वहीने उघडला. दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या.

रकान्यांचा वाद असा मिटला, तेव्हा ओळींचा पेटला होता. सप्तकात ओळी किती मानायच्या? पेटीच्या पट्ट्या बारा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये पुण्यात छापलेल्या इंग्रजी ग्रंथात बावीस श्रुतींचे गणित मांडले. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि श्रुतींची खास पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत यावर चकमक झाली. भातखंडे विरुद्ध बाजूला होते. बारा ओळींत दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार मावत नाही, हे देवलांचे दुखणे खरे होते. पण त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी ओळी. आंदोलित स्वर ओळींच्या मधून वाहतो. दहा ओळी वाढवल्या तरी त्याचे वाहणे थांबत नाही.

तरी चौकटीला केवळ दोष देणे बरोबर नाही. कानाला सहसा न कळणारे काही ती डोळ्यांना दाखवते. तीनताल मोबाइलवर मांडून पाहावा. दोन ओळी घ्याव्यात, वरची तबल्याची, खालची डग्ग्याची. ठेका सर्वांच्या ओळखीचा : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. वरची ओळ सोळाही घरांत उजळते. खालच्या ओळीत डग्ग्याचा घुमारा चार घरी नसतो, आणि ती घरे आहेत दहा ते तेरा. खालीचा विभाग मात्र नऊ ते बारा! हाताने खाली दाखवली जाते नवव्या मात्रेला, घुमारा हरवतो दहाव्या मात्रेला आणि परततो चौदाव्याला. हात आणि कान यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे. पुढे येणाऱ्या समेची चाहूल तेराव्या मात्रेच्या त्या रित्या घरानंतर घुमारा परतताना लागते. वर्षानुवर्षे हाताने ताल देणाऱ्यांच्याही हे लक्षात आलेले नसते. रिकामी घरे ते क्षणात सांगतात.

सोळा हा आकडा तीनतालाला असा धार्जिणा आहे, इतर तालांना नाही. रूपकाच्या मात्रा सात, विभाग तीन-दोन-दोन, आणि सम खालीवरच. सोळा घरांत रूपकाची दोन आवर्तने बसतात आणि दोन घरे उरतात. ती उरलेली घरे तशीच सोडली तर दर फेरीला ताल लंगडतो. काही ॲपांत प्रत्येक ओळीची लांबी वेगळी ठेवता येते. तिथे सातांची ओळ सोळांच्या ओळीशेजारी चालवली, तर दोघींचे पहिले घर पुन्हा एकत्र येते ते ११२ घरांनंतर, म्हणजे तीनतालाची सात आणि रूपकाची सोळा आवर्तने झाल्यावर. तिहाईचे हिशेब जुळवणाऱ्या कोणाही तबलजीला हे गणित परके वाटणार नाही.

खरी पंचाईत विलंबित ख्यालाची. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा मिनिटाला बारा या गतीने चालल्या, तर एक आवर्तन साठ सेकंदांचे आणि एक घर पाच सेकंदांचे. एवढ्या मोठ्या घरात नेमके केव्हा यायचे, हे चौकट सांगू शकत नाही. गायक मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतो, मुखडा उचलताना किंचित पुढे झुकतो, आणि तबलजी त्याला सांभाळून घेतो. भातखंड्यांच्या पानावर यासाठी मींडेची कमान आहे, कणस्वराचा बारीक टंक आहे. पण ही सारी चिन्हे स्वरांच्या डोक्यावर छापलेली आहेत, घरांच्या बाहेर. बंदिशीचा सांगाडाच पानावर येतो आणि बाकीचे गुरूसमोर बसून घ्यायचे, ही समजूत त्या मांडणीतच दिसते. मोबाइलच्या ॲपमध्ये घराबाहेर लिहायला जागाच ठेवलेली नसते. काहींत ‘स्विंग’ नावाचा एक खटका मिळतो. तो एकाआड एक घर ठरावीक अंतराने मागे सरकवतो, आणि प्रत्येक फेरीला तेवढेच सरकवतो.