लॉग रिकामा होता

बऱ्याच शनिवारांनी लिहितोय. रिलीज, मग रिलीजनंतरचे बग्ज... असो, ते रडगाणं तुम्हाला पाठ आहे.

आज सकाळी जुना फोन रिकामा करायला बसलो, तर २०२० च्या एप्रिलमधला एक व्हिडिओ सापडला. रिकामा रस्ता, भर दुपार, एक पोरगा कान धरून उठाबशा काढतोय आणि हवालदार मोजतोय. तेव्हा मी हा व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता, खाली हसून हसून रडणारे तीन चेहरे. सगळ्यांनी हसून घेतलं. दोनेक वर्षांनी चहाच्या टपरीवर आमच्या टीममधला एक जण सहज म्हणाला, "तो माझा मावसभाऊ होता रे. मावशीची इन्सुलिन आणायला निघाला होता."

मला काय बोलावं सुचेना. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग तक्रार नाही केलीत?"

"कुणाकडे? त्याच चौकीत?"

हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्यामुळे मी जरा मागे जाऊन वाचायला लागलो, आणि वाचता वाचता १८९७ च्या पुण्यात पोचलो. रँड, चापेकर, गणेशखिंड ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलीय. पण आपण ती गोळीपासून सुरू करतो. मला यावेळी गोळीच्या आधीचे तीन महिने बघायचे होते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि काही महिन्यांत पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा आणला. कायदा कसला, जेमतेम एक पान! चार कलमं. पहिल्यात नाव वगैरे. दुसरं: साथ आवरण्यासाठी सरकारला वाटतील ते नियम करता येतील. तिसरं: नियम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. आणि चौथं: या कायद्याखाली सद्भावनेने काही करणाऱ्यावर दावा किंवा कारवाई चालणार नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हातात रूट ॲक्सेस दिला, पण लॉगिंग कुठेच नाही. साथीत अधिकार लागतात हे मला मान्य आहे. सर्व्हर पेटलेला असताना कोणी परवानग्यांचे फॉर्म भरत बसत नाही. पण कोणी काय केलं, हे नंतर तपासायचं कोणी? त्या पानभर कायद्यात याला जागाच नव्हती.

मार्चमध्ये पुण्यात खास प्लेग कमिटी नेमली गेली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड, हाताखाली जवळपास ९०० अधिकारी आणि शिपाई, त्यांत गोरे सोल्जर. लोकांनी निवडलेले सभासद असलेली नगरपालिका बाजूला पडली. सोल्जर घराघरात शिरू लागले. काखेत, जांघेत गाठ आहे का हे तपासायचं, बायकांचंसुद्धा, कधी कधी चारचौघांत. आजाऱ्याला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, सामान जाळायला. देवघरात बूट घालून शिरल्याच्या, वस्तू गेल्याच्या तक्रारी शहरभर होत्या.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. प्लेग खरा होता आणि माणसं मरत होती. सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करता करता १० मार्चला प्लेगनेच गेल्या. टिळकांचासुद्धा उपाययोजनेला सरसकट विरोध नव्हता. ते शहर सोडून गेले नाहीत आणि हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ काढायला त्यांनी पुढाकार घेतला. भांडण तपासणीच्या पद्धतीवर होतं. लोकांचं म्हणणं असं, की आमच्यातली माणसं सोबत घ्या आणि आमचं ऐकून घ्या. मुंबईत त्याच सुमारास जनरल गॅटेकर यांच्या कमिटीने वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेग इस्पितळं काढू दिली. सक्ती तिथेही होतीच, पण दार थोडं किलकिलं होतं.

आता ज्या जागी मी चाट पडलो ती जागा. रँडच्या अहवालात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: जाणूनबुजून स्त्रीची अब्रू घेतल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा सोल्जरांच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, ही कमिटीला मोठ्या समाधानाची बाब वाटते.

पुन्हा वाचा. तक्रार कोणाकडे आली नाही? कमिटीकडे आणि सोल्जरांच्या साहेबांकडे. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच दारात जायचं. आणि कुठली विश्वासार्ह हे ठरवणारही तोच! आमच्याकडे एखाद्या सिस्टिमचा एरर लॉग महिनोन्महिने कोरा असेल तर दोनच शक्यता असतात. सिस्टिम फार उत्तम आहे, किंवा लॉगिंग बंद आहे. पहिली शक्यता मी नोकरीत अजून बघितलेली नाही. :)

अर्थात कोऱ्या लॉगवरून अत्याचार झाल्याचंही सिद्ध होत नाही. हीच तर खरी गोची. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांकडून बायकांवर अत्याचार झाल्याचं तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा तो देता येईना, पत्रलेखकांची नावं सांगता येईनात. शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली, आणि त्यावरून स्वकीयांचे टोमणे खाल्ले. निःपक्ष चौकशीची सोय नसली की खऱ्याला पुरावा मिळत नाही आणि खोट्याचंही खंडन होत नाही. उरते ती फक्त अफवा.

मग २२ जून १८९७ ची रात्र. राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

त्यानंतरचं सरकार बघा. तक्रारींची चौकशी राहिली बाजूला, शहरावर जादा पोलीस बसवले आणि खर्च पुणेकरांच्याच माथी. नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली खटला न चालवताच अटकेत टाकलं. टिळकांवर 'केसरी'तल्या शिवाजी महाराजांविषयीच्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला. ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्ष सक्तमजुरी. थोडक्यात, अलार्म वाजवणाराच डिस्कनेक्ट केला.

वाटेल की जुन्या राजवटीची गोष्ट, आपल्याला काय त्याचं. पण २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा महाराष्ट्राने जे साथरोग नियम काढले ते याच १८९७ च्या कायद्याखाली. चौथं कलम तसंच. त्या वेळी पोलीसही भरडून निघत होते, बारा बारा तास नाक्यावर उभे होते, कित्येक जण कोरोनाने गेले. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण त्याच जूनमध्ये तमिळनाडूतल्या सातनकुळमला, वेळ संपल्यावरही मोबाइलचं दुकान उघडं ठेवलं या आरोपावरून पकडलेले बापलेक पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीत असतानाच गेले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. न्यायदंडाधिकारी ठाण्यात गेले तेव्हा काय दिसलं? सीसीटीव्हीच्या डिस्कवर भरपूर जागा होती, पण चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी सेटिंग होती. पुन्हा कोरा लॉग! तिथल्या एका महिला हवालदाराने रात्रभर मारहाण चालल्याचं सांगितलं, म्हणून प्रकरण उजेडात आलं. तिच्या हिमतीला सलाम. पण एका माणसाच्या हिमतीवर उभी असलेली सिस्टिम ही सिस्टिम नव्हे.

२ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात सांगितलं, की प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवा, चित्रण काही महिने जपून ठेवायला हवं आणि त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर समिती हवी. त्या समितीत गावचा महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख यांनाही जागा आहे. म्हणजे १८९७ च्या पुण्याला जे मिळालं नाही, ते कागदावर तरी आलं: तपासणाऱ्याला तपासणारं स्थानिक माणूस. ते किती चालतं हे आपण विचारत राहिलो तरच कळणार.

आता माझं. त्या एप्रिलमध्ये माझ्या हातात एक लॉग होता. तारीख, रस्ता, माणसं, सगळं त्यात होतं. मी त्यावर तीन स्मायली टाकून पुढे पाठवला.

व्हिडिओ डिलीट करणार होतो. नाही केला. टपरीवाल्या मित्राला फोन करून आधी माफी मागितली, मग विचारलं, तुझ्या मावसभावाला हा हवाय का?

"विचारतो," म्हणाला. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर फोनमध्ये तेवढी जागा अडलेली राहू दे.