सहा माणसं आणि आमचा देवचाफा



माघात आमच्या अंगणातल्या देवचाफ्याची पानं झडली आणि त्याचा खरा पसारा दिसला. तीन जाड फांद्या स्वयंपाकघराच्या कौलांवर टेकल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात तिथूनच पाणी गळून पिठाचा डबा भिजला होता. मी रागातच म्हटलं, "खोडापासूनच काढून टाकू." सासूबाई म्हणाल्या, "मी लावलेलं झाड आहे. आणि एकेंद्रिय असला तरी जीवच ना तो?" दोन दिवस आमचा अबोला होता.

झाड तोडणं पाप, एवढंच मी लहानपणापासून ऐकत आले. पण आपल्यासारख्या संसारी श्रावक-श्राविकांना आचार्यांनी नेमकं काय सांगितलंय, हे पाहायला मी स्वाध्यायाची पुस्तकं काढली.

आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंड सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वनस्पती तोडणं, उगाच भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं, हे सगळं त्यात येतं. सगळा भर 'कारण नसताना' यावर आहे. घर चालवताना आरंभी हिंसा होते, हे आचार्यांना ठाऊक होतं. गरजेपलीकडची हिंसा सोड, असं ते गृहस्थाला सांगतात.

पुढे कित्येक शतकांनी, दहाव्या शतकात, आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती झाले. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणारे गंगांचे मंत्री चामुंडराय हे त्यांचे शिष्य. मूर्तीच्या पायाशी चामुंडरायांचं नाव मराठीतही कोरलेलं आहे. नेमिचंद्रांनी प्राकृतात 'गोम्मटसार' लिहिला. त्यातल्या जीवकांडात सहा लेश्या समजावताना ते एका झाडाचं उदाहरण देतात. वाट चुकलेल्या सहा भुकेल्या माणसांना रानात फळांनी लगडलेलं झाड दिसतं. एकाच्या मनात येतं, मुळासकट उपटावं. दुसऱ्याला वाटतं, खोड तोडावं. तिसऱ्याला मोठ्या फांद्या तोडायच्या असतात, चौथ्याला डहाळ्या. पाचवा म्हणतो, फळंच तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचून खाऊ. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल, अशा या सहा लेश्या. श्रवणबेळगोळच्या जैन मठाच्या भिंतीवर हे झाड आणि ती सहा माणसं रंगवलेली आहेत. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही ते चित्र कळत असणार.

भूक सहाही जणांना सारखीच होती. फरक होता तो मनात. मी 'खोडापासून' म्हटलं तेव्हा दुसऱ्या माणसाच्या जागी उभी होते. कौलांना अडचण तीन फांद्यांची होती. उरलेलं झाड मला सासूबाईंवरच्या रागापायी तोडायचं होतं.

वाचताना आणखी एक गोष्ट कळली. मुनिसुव्रतनाथांना चंपक वृक्षाखाली केवलज्ञान झालं, म्हणून सासूबाई या झाडाला फार मानतात. पण तो चंपक म्हणजे सोनचाफा. देवचाफा मूळचा अमेरिका खंडातला, युरोपीय लोकांच्या येण्यानंतर आपल्याकडे रुजलेला. हे सांगून वाद जिंकता आला असता. पण तीर्थंकरांचं झाड नसलं, तरी जीव तर त्यातही आहे. मी गप्प बसले.

मग दोघींनी मिळून झाड पाहिलं. कुठे घरटं नाही, मुंग्यांची रांग नाही, याची खात्री केली. पानं नसताना छाटलेलं या झाडाला सोसतं. माळीदादांनी त्या तीनच फांद्या जोडापाशी स्वच्छ कापल्या. पांढरा चीक टपटप गळला, तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं. मलाही पाहवलं नाही. देवचाफ्याला फुलं फांदीच्या टोकालाच येतात, त्यामुळे यंदा त्या बाजूला फुलं नाहीत.

कापलेल्या फांद्या सासूबाईंनी आठवडाभर सावलीत सुकवल्या. त्यातली एक कुंपणाजवळ, छपरापासून लांब लावली. त्या रात्री प्रतिक्रमणात मी दोन दोष सांगितले. एक तीन फांद्यांचा, दुसरा त्या अबोल्याचा. दुसरा सांगताना जास्त जड गेलं.