नवी बॅटरी, जुना हिशोब

परतवाड्यात बॅटरीचा धंदा आला तो जंगलाच्या मागोमाग. अचलपूर हे जुनं शहर, इमादशाहीचं. त्याच्या शेजारी हैदराबाद कंटिंजंटची छावणी पडली आणि त्या छावणीभोवती आमचं गाव वाढलं. म्हातारी माणसं अजूनही 'कॅम्पात जातो' म्हणतात. मूर्तिजापूरहून नॅरोगेजची शकुंतला अचलपूरपर्यंत यायची खरी, पण मेळघाटातला साग घाट उतरायचा तो ट्रकवर. घाट उतरला की पहिलं मोठं गाव आमचं. थंडीच्या सकाळी सेल्फ मारला आणि इंजिनानं नुसतं टक् टक् केलं, की ड्रायव्हर-क्लीनर दोघं मिळून बॅटरी उचलायचे आणि बाबांच्या दुकानात आणून आदळायचे.

त्या बॅटऱ्यांची पेटी काळ्या कडक रबराची, वरून डांबरानं बंद केलेली. सहा सेल, प्रत्येक सेल दोन व्होल्टचा, आणि एका सेलपासून दुसऱ्यापर्यंत शिशाच्या जाड पट्ट्या. एकच सेल गेला असेल तर बाबा तेवढाच काढत. ब्लो लॅम्पनं डांबर मऊ करायचं, खुरप्यासारख्या पात्यानं ते खरवडायचं, शिशाची पट्टी कापायची आणि पक्कडीनं प्लेटांचा अख्खा जुडगा वर ओढायचा. चॉकलेटी प्लेटा पॉझिटिव्ह, करड्या निगेटिव्ह. खाली तळाशी गाळ. मधले लाकडी सेपरेटर कुजलेले असले की बदलायचे. गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये शिसं आणि तेजाबातून जी बॅटरी केली, तिचं मूळ तत्त्व आमच्या बाकड्यावर तेच होतं. बाबांच्या हातावर आणि प्रत्येक पँटवर तेजाबाची भोकं होती. आई म्हणायची, दुकानाचे कपडे वेगळे वाळत घालायचे, नाहीतर बाकीच्यांनाही भोकं पडतील.

औजार म्हणजे हायड्रोमीटर. काचेच्या नळीत पाणी ओढायचं आणि आतला तरंगता काटा वाचायचा. १२५० च्या आसपास ग्रॅव्हिटी आली की बॅटरी भरली, ११५० च्या खाली गेली की रिकामी. बॅटरी स्वतःबद्दल काही सांगत नसे, जे काय ते माणसानं वाचायचं.

तक्रार मात्र तेव्हाही आजचीच होती. नवी बॅटरी टाकली तरी गाडी उचलत नाही! गिऱ्हाईक तावातावानं यायचं. बाबा शांतपणे म्हणायचे, "आंधी डायनामो पाह्य, मंग बॅटरीले बोल." बहुतेक वेळा दोष कटआउटचा निघायचा, नाहीतर चेसिसला जाणारी अर्थची पट्टी ढिली असायची. बॅटरी बिचारी नवीच असायची, तिच्यापर्यंत करंटच पोचत नसे.

पुढे प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या. झाकण वरून चिकटवलेलं, पट्ट्या आतूनच जोडलेल्या. एक सेल गेला की सगळी बॅटरी भंगारात. डांबराचं काम त्या दिवसांत संपलं. मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला, लाकडाच्या गाड्या कमी होत गेल्या, तरी संत्र्याचे ट्रक, ट्रॅक्टर आणि धारणी रोडच्या जीपांनी दुकान चालू ठेवलं. मग लोडशेडिंगचा काळ आला. २००५ नंतरची ती वर्षं वऱ्हाडात कोणी विसरलं नसेल. आमच्यासाठी, खरं सांगायचं तर, ती सुगी होती. घरोघरी इन्व्हर्टर, आणि प्रत्येक इन्व्हर्टरखाली पाणी मागणारी एक बॅटरी.

मी दुकानात बसायला लागलो तेव्हा तेजाबाच्या बाजूला लॅपटॉपचे पॅक येऊ लागले होते. लिथियम-आयनची बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली. पुढं २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना त्या शोधासाठी नोबेल मिळालं. जुना पॅक फोडला तर आत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा नळकांड्या निघतात, म्हणून त्यांचं नाव १८६५०. सहा सेल असले तर दोन-दोनच्या तीन जोड्या, म्हणजे जवळपास ११ व्होल्ट. मला वाटलं, हे तर बाबांचंच काम, फक्त तेजाब नाही. खराब जोडी काढायची, नवी लावायची.

पण या पॅकमध्ये सेलांसोबत एक चिप बसते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ड्युरासेल आणि इंटेल यांनी 'स्मार्ट बॅटरी'चे नियम ठरवले, तेव्हापासून बॅटरी स्वतःची वही स्वतः लिहू लागली. किती वेळा चार्ज झाली, पूर्ण भरल्यावर किती मावतं, गरम किती झाली, सगळं त्यात. सेल नवे टाकले तरी वही जुनीच राहते. म्हणून सेल बदललेला पॅक चाळीस टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप पटकन बंद पडतो. काही चिपा तर सेलचं व्होल्टेज फार खाली गेलेलं दिसलं की स्वतःला कायमचं कुलूप लावतात. यात वाईट काही नाही. २००६ मध्ये डेलनं सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या आग लागण्याच्या भीतीनं परत बोलावल्या होत्या. तेव्हा कुलूप असलेलंच बरं. मी सेल बदलायचं काम घेत नाही, अख्खा पॅकच बदलतो.

आणि पॅक बदलल्यावर सुरू होते खरी गोष्ट. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं, नंतर करोनातल्या ऑनलाइन शाळा आल्या, आणि घाटातले मास्तर लॅपटॉप घेऊन खाली यायला लागले. एक सर आले होते, डेलचा लॅपटॉप, नवी बॅटरी टाकलेली, पडद्यावर मात्र 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. मी आधी चार्जर मागितला. पिशवीतून निघाला तो बाजारातला साधा. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. त्या सुईतून चार्जर आपली ओळख आणि वॅट लॅपटॉपला सांगतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. सुई वाकली किंवा जॅकचा टाका सुटला तरी तेच. माझ्याकडचा कंपनीचा चार्जर लावला, आकडा वर चढू लागला. "म्हणजे बॅटरी चांगली हाये तं?" सर म्हणाले. होतीच.

काहींचं बरोबर साठ टक्क्यांवर अडतं आणि ते बॅटरी परत करायला निघतात. लेनोव्होच्या अनेक मॉडेलांत 'कन्झर्व्हेशन मोड' नावाची सोय असते. ती चालू असेल तर चार्जिंग मुद्दामच साठच्या आसपास थांबतं, कारण वऱ्हाडच्या मे महिन्यात शंभर टक्के भरून दिवसभर वायरीवर ठेवलेली बॅटरी फुगते, टचपॅड वर उचलते. सेटिंगमध्ये एक बटण बंद केलं की काम झालं. नव्या पॅकचं अजून एक: प्रवासात तो अर्धवट भरलेला आणि झोपवलेला असतो, म्हणून आधी चार्जर लावल्याशिवाय काही मॉडेलं बटण दाबून उठतच नाहीत. माणूस घाबरतो.

नकली माल ओळखायला आता हायड्रोमीटर नाही, पण त्याच्या जागी विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट आहे. कमांडच्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' आणि पुढे तिरपी रेघ देऊन 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की पान तयार होतं. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण भरल्यावरची क्षमता, दोन्ही लिहिलेल्या असतात. 'नवी' म्हणून घेतलेली बॅटरी पहिल्याच दिवशी मूळच्या सत्तर टक्के भरत असेल, तर ती कुठल्या तरी गोदामात वर्षानुवर्षं पडून होती असं समजा आणि रिपोर्टचा फोटो काढून बिलासोबत पाठवा. वादात तो चालतो. एका ऑनलाइन विक्रेत्यानं माझ्या गिऱ्हाइकाचे पैसे त्याच कागदावर परत केले. छापील एमएएचवर मात्र विश्वास ठेवू नका, स्टिकर कोणीही छापतं.

बाबांनी हा पॅक पाहिला असता तर पहिल्यांदा उलटापालटा करून झाकण कुठं उघडतं ते शोधलं असतं. ते उघडत नाही, उघडूही नये. पण त्यांची तपासायची रीत मी अजून तशीच पाळतो: आधी करंट कुठून येतो ते पाहायचं, मग जोड, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. म्हणून बॅटरी बदलायला येताना जुनी बॅटरी आणि घरचा चार्जर, दोन्ही सोबत आणा. पार्ट नंबर जुन्या बॅटरीच्या पाठीवर लिहिलेला असतो, आणि दोष चार्जरमध्येच निघाला तर नव्या बॅटरीचे पैसे वाचतील.